पंधरावी पोळी

लेखक व्हायला निघालेल्या माणसांना मी गेली नऊ वर्षं सल्ले देतो आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, दर शनिवारी दुपारी चार ते सहा. क्लब हाउस म्हणजे टेबल टेनिसचं एक टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि 'पादत्राणे बाहेर काढावीत, आत आणल्यास फरशी आपणच पुसावी' अशी पाटी. येणारे बहुतेक निवृत्त. बँकेतले, पाटबंधारे खात्यातले, एक माजी मुख्याध्यापिका. प्रत्येकाला आत्मचरित्र लिहायचं असतं आणि कोणाच्याच आयुष्यात काही घडलेलं नसतं. निदान त्यांनी लिहिलेलं वाचून तरी तसंच वाटतं.

माझे सल्ले वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. लिहिलेलं मोठ्याने वाचा, जीभ अडखळली की समजा वाक्य चुकलंय. पहाटेच्या वर्णनाने सुरुवात करू नका. कोणा थोरामोठ्याच्या प्रस्तावनेसाठी दोन वर्षं ताटकळू नका, तो तुमचं पाकीटसुद्धा फोडत नाही. पुस्तक निघाल्यावर रोज सकाळी सहाला साठ जणांना मेसेज पाठवून त्यांचा दिवस नासवू नका, पण पलंगाखाली गठ्ठे रचून 'वाचकच उरला नाही हो' असं रडतही बसू नका. पुस्तक हातात घ्या आणि माणसापुढे जाऊन उभे राहा. आधी त्यांच्याकडे जा, जे तुम्हाला रोज बघतात. त्यांना तुमचं सगळ्यांत चांगलं प्रकरण वाचून दाखवा. आणि काहीही लिहिलंत तरी तपशील द्या. 'आई मायाळू होती' असं लिहून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, ती काय करायची ते लिहा. तपशिलाच्या या सल्ल्याचा मला फार अभिमान होता.

मालनबाई पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "चहा साडेपाचला."

"चहा न्हाई सर," त्या म्हणाल्या. "इथं लिहायला शिकवता म्हणे. मला लिहायचंय."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा वर केला. मला लाज वाटायला हवी होती, पण त्या वेळी मला फक्त गंमत वाटली. म्हटलं, बसा.

मालनबाई त्याच सोसायटीत सात घरी पोळ्या करायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, शिक्षण सातवी, गाव हिंगोलीकडचं. नवरा बांधकामावर मजुरीला पुण्यात आला आणि परांचीवरून पडून गेला. त्यालाही वीस वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन आळंदीला. बाई सुतारदऱ्याच्या चढावर एका खोलीत एकट्या राहायच्या. कुठल्याशा घरातून मिळालेल्या, औषध कंपनीच्या जुन्या डायरीत त्यांनी बरंच काही लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली.

घरांची नावं त्यांच्या लिखाणात नव्हतीच. बाई घरं कणकेवरून ओळखायच्या. एक गरम पाण्याच्या कणकेचं घर, एक तेलाच्या घडीचं, एक नुसत्या फुलक्यांचं. "पाचव्या घरात कणीक मळताना पाणी ताई स्वतः ओततात," त्यांनी वाचलं. "सात वर्षं झाली, माझ्या हाताला पाणी किती लागतं याचा त्यांना अजून भरवसा नाही." खोलीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. मी तीन पुस्तकं लिहिली आहेत आणि त्या तिन्ही पुस्तकांत असं एक वाक्य नाही.

पुढचं वर्षभर त्या एकही शनिवार चुकल्या नाहीत. दर घरावर एक प्रकरण. मी त्यांची भाषा फारशी बदलली नाही, तेवढी अक्कल मला होती. मी फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत राहिलो. तपशील, मालनबाई, तपशील.

सातवं प्रकरण त्यांनी सगळ्यांत शेवटी दिलं, तेही वाचून न दाखवता, डायरी माझ्या हातात ठेवून. मी घरी जाऊन वाचलं. सातवं घर म्हणजे बी विंगमधलं उल्काताईंचं. उल्काताई, त्यांचे यजमान सलिलराव, दोन मुलगे आणि खुबा मोडून चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रोजच्या पोळ्या चौदा. सलिलरावांना चार, उल्काताईंना तीन, मुलांना तीन-तीन आणि आजींना एक. आजींना दिवसभरात एकच. कारण आजी जास्त खायच्या तर जास्त साफ करावं लागायचं आणि ते करणाऱ्या उल्काताई एकट्या. हे बाईंनी कुठेही रागाने लिहिलेलं नव्हतं. पोळ्या मोजून डब्यात भरल्या जायच्या, म्हणून बाई चौदा गोळे करायच्या आणि प्रत्येक गोळ्यातली चिमटीभर कणीक काढून घ्यायच्या. चौदा चिमट्यांची पंधरावी पोळी व्हायची. उल्काताई अंघोळीला गेल्या की बाई ती पदराखाली धरून आजींच्या खोलीत जायच्या.

पुढच्या शनिवारी सगळे गेल्यावर त्या मागे थांबल्या. "सर, हे सातवं काढून टाकू या का?"

"का?"

"ताईंनी वाचलं तर माझं जाणं बंद होईल. मग आजीला कोण देईल?"

मी म्हणालो, "मालनबाई, पुस्तकाचा जीव त्यात आहे. ते काढलं तर उरतात नुसत्या पोळ्या." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. "नाव तर आपण दिलेलंच नाही. विंग बदलू, मुलग्यांच्या जागी मुली घालू. कोण ओळखतंय?"

चौदा, चिमटी आणि पदर मात्र मी तसेच ठेवले. त्याशिवाय ते पटलं नसतं.

छपाईचा भार आम्ही वर्गातल्या सगळ्यांनी मिळून उचलला. बुधवार पेठेत माझ्या ओळखीचा एक छापखाना आहे, तिथे पुस्तक झालं. नाव 'सात घरांची कणीक'. वर्गातली अस्मिता आयटीत आहे, तिने पोस्टर केलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, बाईंचा पोळपाटावर हात ठेवलेला फोटो काढला. बाई सारख्या म्हणत होत्या, कशाला एवढं. मी त्यांना सांगितलं, लाजलात तर पुस्तक मेलं. लेखकाने स्वतःचं पुस्तक स्वतः उचलून धरलं नाही, तर दुसरा कोण धरणार? सहा घरी त्या स्वतः जाऊन प्रत देऊन आल्या. सातव्या घरी गेल्या नाहीत.

प्रकाशन रविवारी सकाळी अकराला, त्याच क्लब हाउसमध्ये. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मी दुसरं प्रकरण वाचते सर. लोक हसतील."

"हसवून पुस्तक खपत नाही. सातवं वाचा."

"उल्काताई आल्या तर?"

"त्या घराबाहेर पडतात का कधी? तुम्हीच तर लिहिलंय."

साठ माणसं आली होती. कोथरूडमध्ये फुकटच्या कार्यक्रमाला साठ म्हणजे काही फार नाही, पण आमच्यासाठी खूप होती. मी प्रास्ताविकात ठणकावून सांगितलं की या पुस्तकातला शब्द न् शब्द खरा आहे. मग बाई उभ्या राहिल्या. नवं हिरवं लुगडं, हातात पुस्तक, आवाज बारीक. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि तेवढ्यात दार उघडून उल्काताई आत आल्या. दमलेल्या, केस नीट न विंचरलेले, हातात एका साडीच्या दुकानाची पिशवी. इतकी वर्षं आपल्या घरात राबणाऱ्या बाईचं पुस्तक निघतंय, म्हणून शेजारणीला आजींजवळ बसवून त्या साडी घेऊन आल्या होत्या. त्या शेवटच्या रांगेत बसल्या.

मालनबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं दिसत होतं. उल्काताई दिसत होत्या, पिशवी दिसत होती, बाईंनी पानावर दाबून धरलेलं बोट दिसत होतं. आणि समोरची साठ माणसं कान टवकारून बसलेली दिसत होती. मी मान हलवली. वाचा.

त्यांनी वाचलं. "पंधरावी तव्यावरून थेट पदरात. तूप लावून सुरळी करते. आजीच्या तोंडाजवळ धरली की आजी आधी दाराकडं बघते, मग खाते. दात नाहीत, म्हणून वेळ लागतो. हनुवटीवर आलेलं तूप मी पदरानं पुसून घेते, वास राहू नये म्हणून." मुख्याध्यापिकाबाई हुंदके देऊन रडल्या. टाळ्या थांबेनात. मी मागे पाहिलं तेव्हा खुर्चीवर नुसती पिशवी होती.

सोमवारी सकाळी वॉचमनने मालनबाईंना फाटकातच सांगितलं, बी विंगमध्ये तुम्हाला सोडायचं नाही. त्याच आठवड्यात पाणी ओतणाऱ्या ताईंनीही काम थांबवलं. फुलक्यांच्या घराने 'आमची मुलगी आता स्वतःच शिकतेय' असं कळवलं. सोसायटीतल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, आपल्याबद्दल काय लिहिलंय गं? पुस्तक मात्र धडाधड खपलं. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत त्याच्यावर अर्धं पान आलं, त्यात मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. मी हुरळून गेलो होतो.

प्रकाशनानंतरच्या पहिल्याच बुधवारी बाई माझ्या घरी आल्या. त्या कधी आल्या नव्हत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"काम गेलं त्याचं काई न्हाई सर. कामं मिळत्यात. पण आजी दाराकडं बघायली असंल. तिला काय म्हायती पुस्तक न् काय?"

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"तुम्ही जावा ताईंकडं. तुमचं ऐकतील. म्हणावं, मालन खोटं लिहिती. असं काई न्हवतंच, मनानं रचलं. मला पाया पडायला लावा, पडते. एवढं करा."

एका लेखिकेने माझ्यापुढे हात जोडून मागणी केली होती की तिचं सगळ्यांत चांगलं पान खोटं आहे असं मी सांगून यावं. मी हो म्हणालो. पण त्या शुक्रवारी आकाशवाणीवर मुलाखत होती, मग खडकवासल्याला एका वाचनालयात भाषण होतं, आणि सगळीकडे मी 'शब्द न् शब्द खरा' हेच सांगत होतो. उल्काताईंकडे मी बाराव्या दिवशी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. घरात फिनेलचा वास होता. आतल्या खोलीतून पातळ आवाज आला, "मालन आली का गं?"

"नाही, आई. पुस्तकवाले आलेत," उल्काताई म्हणाल्या. मग मला, "बसा. आपण पाणी घेणार का? पोळ्या मोजून असतात, पाणी नाही."

मी ठरवून आणलेलं बोललो. लेखक थोडंफार रचतोच, ते प्रकरण तसं पाहिलं तर काल्पनिक आहे, वगैरे.

"अहो, काल्पनिक कशाला? मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पंधरावी. पहिल्या महिन्यापासून. चादर रोज मी बदलते, उशीवरचा तुपाचा डाग मला ओळखू येणार नाही?" त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. "पोळ्या कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मीच केल्या. माझी कंबर गेली होती, नोकरी गेली होती. दिवसातून एकदा कमी उचलावं लागेल एवढाच विचार केला. केला मी. मग मालन देते हे दिसलं आणि मला सुटल्यासारखं झालं. मी त्या वेळेला मुद्दाम अंघोळीला जायला लागले. अंघोळ झालेली असली तरी जायची. नळ सोडून पंधरा मिनिटं स्टुलावर बसून राहायची. बाहेर येताना दाराची कडी जोरात वाजवायची, तिला पदर सावरता यावा म्हणून."

मी म्हणालो, "मग हे तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर मला एक पोळी देणारी सून म्हणून तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. दोघींनी माहीत नसल्यासारखं केलं, म्हणून चार वर्षं ते चाललं. तुम्ही त्याला टाळ्या मिळवून दिल्यात. आता साठ लोकांना माहीत आहे. आता मी कुठल्या तोंडाने अंघोळीला जाऊन बसू? लिफ्टमध्ये बायका विचारतात, सासूबाई जेवल्या का? सलिल माझ्याशी बोलत नाहीत. आईंच्या खोलीतही जात नाहीत, पण ते आधीही जात नव्हते, त्यावर कोणी प्रकरण लिहिलं नाही."

आणि इतकं ऐकूनही मी सल्ला दिला. सवयच ती. म्हणालो, "आता तुम्हीच त्यांना उघडपणे जास्त द्या ना."

"देते. तीन देते, तूप लावून. त्या खात नाहीत. माझ्या हातची पोळी तोंडाशी धरली की दाराकडे बघत राहतात."

"मग मालनबाईंना परत बोलवा."

"बोलावणार होते. फोन हातात घेतला होता." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग वाटलं, तेही लिहून काढाल."

मी खाली आलो आणि मालनबाईंना फोन केला. उल्काताईंना सगळं माहीत होतं, हे मात्र सांगितलं नाही. म्हणालो, ताईंचा राग थोडा निवळू द्या. ते सांगितलं असतं तर बाई त्याच पावली वर गेल्या असत्या, वॉचमनला ढकलून गेल्या असत्या, आणि दोघी बायकांनी कदाचित आपसात काहीतरी मिटवलंही असतं. मी का सांगितलं नाही याचा विचार मी खूप केला आहे. सांगितलं असतं तर चूक नेमकी कोणाची हे बाईंना कळलं असतं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

आजी त्यानंतर तीन आठवड्यांनी गेल्या. वय चौऱ्याऐंशी, लोक म्हणाले सुटल्या. शेवटचे दहा-बारा दिवस नुसतं पाणी आणि चमच्याने पेज, तीही गालातून बाहेर यायची. पोळी नाहीच.

सकाळी दहाच्या सुमाराला शववाहिका आली तेव्हा मी फाटकाशी होतो. मालनबाई रस्त्याच्या पलीकडे, रिक्षा स्टँडजवळ उभ्या होत्या. आत यायला त्या दिवशी त्यांना कोणी अडवलं नसतं, पण त्या आल्या नाहीत. गाडी गेल्यावर मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेलो आणि मग, फार उशिरा, सगळं सांगितलं. बंद दाराआडचा नळ, कडीचा आवाज, हातात घेतलेला फोन. त्या ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "कडी जोरात वाजायची खरी. मला वाटायचं, दार फुगलंय." आणि रस्त्यावर फतकल मारून बसल्या. पोट धरून, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने रडल्या. बसची वाट बघणारी माणसं बघायला लागली.

मी त्यांच्याजवळ वाकलो. माझ्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं. वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण त्याच वेळी दुसऱ्या आवृत्तीचा विचारही चालू होता, आणि ही दाराची कडी सातव्या प्रकरणाच्या शेवटी कशी बसेल हेही मला दिसत होतं. मी म्हणालो, "मालनबाई, हे लिहा. मन मोकळं होईल."

त्यांचं रडणं थांबलं. त्या उठल्या, लुगडं झटकलं.

"तुम्हीच लिहा सर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमंल."

आता त्या पौड रोडवरच्या एका मेसमध्ये आहेत. सकाळी दोनशे पोळ्या लाटतात. खाणारं कोण, ते त्यांना दिसत नाही. अस्मिता एकदा भेटून आली. तिने लिखाणाचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, हाताला वेळ नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यांनी सही दिली नाही.

शनिवारचा वर्ग चालू आहे. नवीन माणसं येतात, मी त्यांना अजूनही धीर देतो, लिहा म्हणतो, वय विचारू नका, शिक्षण विचारू नका, लिहा. जुने सल्ले सगळे देतो, कारण ते बरोबरच आहेत. त्यात एक नवा घातला आहे. ज्या माणसाबद्दल लिहिलंत, त्याच्यासमोर छापण्याआधी जाऊन बसा आणि त्याला ते पान वाचून दाखवा. त्याचा चेहरा उतरला, तर पान घरी ठेवा. हे वहीत कोणी लिहून घेत नाही. मुखपृष्ठ कोणाकडून करून घ्यावं आणि पोस्ट किती वाजता टाकावी, हे विचारतात.

उल्काताई अजून बी विंगमध्येच राहतात. क्लब हाउसपासून त्यांच्या दारापर्यंत जायला दोन मिनिटं लागतात, आणि हे लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.